गोष्ट कशी धरावी?
धम्मकथांचा अर्थ लावण्याचा एक पाठ



रविवारी सायंकाळी तुमच्या घरी त्रिशरण-पंचशील झाले, वंदना झाली आणि घरातील वडील माणसाने किसागोतमीची गोष्ट मुलांना सांगितली. गोष्ट संपताच धाकटा मुलगा विचारतो, "बुद्धांना तिचा मुलगा जिवंत करता येत नव्हता का?" अशा वेळी तुम्ही काय करता? बरीच मोठी माणसे "गप बस, मध्ये बोलू नये" असे म्हणून त्या मुलाला बसवतात. पण खरे पाहता त्या घरात गोष्ट नीट ऐकली ती त्या मुलानेच. गोष्टीच्या मुळाशी असलेला प्रश्न त्याने विचारला. तो प्रश्न घेऊनच आजचा पाठ सुरू करू.

जुनी सवय

आपण धम्म स्वीकारला, घरातील देव्हारा काढला, २२ प्रतिज्ञा घेतल्या. परंतु ऐकण्याची सवय देव्हाऱ्याइतकी सहज निघत नाही. पिढ्यान्पिढ्या आपल्या आईबापांनी ज्या कथा ऐकल्या त्या पुण्य मिळावे म्हणून ऐकल्या. कथा ऐकली तर भले होईल, अव्हेरली तर वाटोळे होईल, हा त्या कथांचा धाक होता. सत्यनारायणाच्या कथेत प्रसाद न घेता धावत गेलेल्या कलावतीच्या नवऱ्याची नाव बुडते. ही कथा ऐकणाऱ्याने काय करायचे? हात जोडायचे, प्रसाद घ्यायचा आणि घरी जायचे. त्या नवऱ्याचा काय अपराध होता, हे कोणी विचारायचे नसते.

आता आपण त्याच कानांनी बुद्धाची गोष्ट ऐकू लागलो तर काय होईल? नाव बदलेल, मूर्ती बदलेल, पण ऐकणारा माणूस तोच राहील. किसागोतमीची गोष्ट ही आणखी एक पोथी होईल. म्हणून धम्मकथा वाचायची कशी, तिच्यातला विचार शोधायचा कसा, हे शिकणे हा धर्मांतराचाच एक भाग आहे. ते काम शिकलेल्या पंडितांवर सोडून चालणार नाही. ते प्रत्येक घराचे काम आहे.

सापाची उपमा

मज्झिम निकायात अलगद्दूपम सुत्त नावाचे एक सुत्त आहे. अरिट्ठ नावाच्या एका भिक्खूने तथागतांच्या शिकवणुकीचा उलटाच अर्थ लावला होता. त्या प्रसंगी तथागतांनी सापाची उपमा दिली. सापाच्या शोधात निघालेल्या माणसाला मोठा साप दिसतो. तो त्याला वेटोळ्याला किंवा शेपटीला धरतो. साप उलटून त्याच्या हाताला दंश करतो. दुसरा माणूस टोकाला बेचके असलेल्या काठीने सापाला आधी दाबतो आणि मग मानेला पक्के धरतो. मग सापाने हाताला कितीही विळखे घातले तरी त्याला अपाय होत नाही. धम्म चुकीचा धरणाऱ्याचे पहिल्या माणसासारखे होते, असे तथागत सांगतात.

ही उपमा नीट लक्षात घ्या. स्वतःची शिकवणूकही चुकीची धरली तर चावेल, असे सांगणारा हा शास्ता आहे. जो असे सांगतो तो तुमच्याकडून डोळे मिटलेली श्रद्धा मागत नाही. कालामांनाही त्यांनी हेच सांगितले होते की, परंपरेने आले, ग्रंथात आहे, गुरू सांगतो, एवढ्यावरून काही मानू नका. ही कसोटी बुद्धाच्या गोष्टींनाही लागू आहे.

मग आपली बेचक्याची काठी कोणती? मी चार प्रश्न सुचवतो. कोणतीही गोष्ट वाचली की ते तिला विचारावेत.

पहिला : ही गोष्ट कोणाला, कोणत्या प्रसंगी सांगितली? ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे?

दुसरा : आरंभी माणूस कसा होता, शेवटी कसा झाला, आणि हा बदल कशाने घडला?

तिसरा : आपल्याला जे घडेल असे वाटत होते, त्यातले काय घडलेच नाही?

चौथा : आपण काढलेला अर्थ बुद्धीला पटतो का आणि माणसाच्या हिताचा आहे का?

चौथा प्रश्न माझ्या पदरचा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात त्यांनी बुद्धवचन ओळखण्याच्या ज्या कसोट्या दिल्या आहेत, त्यांतूनच तो घेतला आहे. बुद्ध हा विवेकवादी होता, म्हणून विवेकाला न पटणारे वचन त्याच्या नावावर खपवू नये. माणसाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध नाही अशा वादात तो पडत नसे, म्हणून तसले वाद त्याच्या तोंडी घालू नयेत. वचनाला जी कसोटी, तीच गोष्टीलाही लावावी.

किसागोतमी : मोहरी कशासाठी?

आता किसागोतमीकडे वळू. थेरीगाथेत तिच्या स्वतःच्या गाथा आहेत. त्यांचा आरंभ कल्याणमित्रतेच्या स्तुतीने होतो आणि पुढे स्त्रीच्या वाट्याला येणाऱ्या दुःखांचे वर्णन येते. मोहरीची गोष्ट मात्र नंतरच्या काळात लिहिल्या गेलेल्या अट्ठकथांत आहे. बाबासाहेबांनीही विशाखा आणि किसागोतमी या दोघींच्या सांत्वनाचे प्रसंग आपल्या ग्रंथात घेतले आहेत.

किसागोतमी श्रावस्तीची. 'किसा' म्हणजे कृश, हडकुळी. ती गरीब घरची म्हणून सासरी तिची हेळसांड होत असे. मुलगा झाला तेव्हा तिला घरात मान मिळाला. तो मुलगा चालू लागण्याच्या वयातच दगावला. तिने मृत्यू कधी पाहिला नव्हता. मुलाला कडेवर घेऊन ती दारोदार औषध मागत फिरली. लोक तिला हसले, वेडी म्हणाले. एका समंजस माणसाने तिला तथागतांकडे पाठवले. तथागत म्हणाले, ज्या घरात कोणीही मेलेले नाही अशा घरातून चिमूटभर मोहरी आण. ती घरोघर गेली. मोहरी सर्वांकडे होती. पण कोणाचा मुलगा गेला होता, कोणाची मुलगी, कोणाचा बाप. तिला उमजले. तिने मुलाचा देह ठेवला आणि ती परत तथागतांकडे आली.

आता आपले प्रश्न लावा.

काय घडले नाही? मुलगा जिवंत झाला नाही. धाकट्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. त्याला स्पष्ट सांगा की, बाळा, मेलेल्या माणसाला कोणीही जिवंत करू शकत नाही, बुद्धालाही ते येत नव्हते, आणि येते असे त्याने खोटे सांगितलेही नाही. बुद्धाचे मोठेपण तेथेच आहे. आणखी काय घडले नाही? या प्रसंगी तथागतांनी तिला 'तुझ्या मागल्या जन्मीचे पाप' असे म्हटले नाही. पूर्वजन्मीच्या पापाचा हा युक्तिवाद आपल्या समाजाने फार ऐकला आहे. आपल्याला गावकुसाबाहेर ठेवण्याचे समर्थन त्याच युक्तिवादाने झाले. पोर गेलेल्या आईला तथागत तो ऐकवीत नाहीत. कोणता होम, कोणते दान, कोणता नवसही सांगत नाहीत.

मग बदल कशाने घडला? येथे पुष्कळ वाचक घाई करतात. 'मरण अटळ आहे' असे तात्पर्य काढून पुस्तक मिटतात. हे वाक्य खोटे नाही. पण गोष्टीचा अर्थ एवढाच असता तर तथागतांनी ते एका वाक्यात सांगितले असते. त्या अभागी बाईला दारोदार हिंडवण्याचे कारण काय होते?

पुन्हा वाचा. किसागोतमी दारोदार दोनदा फिरली. पहिल्या वेळी लोक तिला हसले. दुसऱ्या वेळी लोकांनी आपल्या घरातले मृत्यू तिला सांगितले. ज्या गावात तिला वेडी म्हटले गेले, त्याच गावातली दारे आता बोलू लागली. कशात फरक पडला? तिच्या प्रश्नात फरक पडला. पहिल्या वेळी ती म्हणत होती, "माझ्या मुलाला औषध द्या." दुसऱ्या वेळी ती विचारत होती, "तुमच्या घरी कोणी गेले आहे का?" तथागतांनी तिच्या हातात औषध दिले नाही. त्यांनी तिच्या तोंडी दुसऱ्याच्या दुःखाचा प्रश्न दिला. तो विचारता विचारता ती आपल्या एकटीच्या दुःखातून बाहेर पडली.

आणि मोहरीच का? कारण मोहरी गरिबाच्या घरीही असते. सोने आणायला सांगितले असते तर ती चार श्रीमंतांच्या दारी गेली असती. मोहरीमुळे गावातले एकही दार वगळले गेले नाही. दुःख कोणत्या घरात नाही, या प्रश्नाला उच्च-नीच नाही. गोष्टीतली एखादी लहान वस्तू अशी थांबून पाहिली की ती बोलू लागते.

येथे एक सावधगिरी सांगतो. गोष्टीत नाही ते गोष्टीत घालू नका. किसागोतमी अमुक जातीच्या घरी गेली, तमुक जातीच्या घरी तिला पाणी मिळाले नाही, असे काही गोष्टीत लिहिलेले नाही. आपल्याला तसे वाटले तरी ते आपले वाटणे आहे, असेच म्हणावे. आपला अर्थ गोष्टीच्या शब्दांवर उभा राहिला पाहिजे.

ही गोष्ट चावते केव्हा?

हा अर्थ घेऊन आता आपल्या वस्तीत या. एखाद्या बौद्ध घरात तरणा मुलगा जातो. आपण श्राद्ध-पिंडदान करणार नाही अशी प्रतिज्ञा घेतलेली आहे. नातलग म्हणतात, दहावे तरी करा, कावळा शिवल्याशिवाय कसे? घरातला कर्ता माणूस प्रतिज्ञेला जागतो, आणि ते योग्यच आहे. पण कोपऱ्यात बसलेली आई विचारते, "पिंड नाही, कावळा नाही, मग मी माझ्या लेकरासाठी करू तरी काय?" तेवढ्यात कोणी शहाणा उठतो आणि म्हणतो, "बाई, किसागोतमीची गोष्ट ऐकली नाहीस का? मरण कोणाला चुकले आहे?"

त्या शहाण्याने साप शेपटीला धरला. तो दंश त्या आईला झाला. तथागतांनी जे वाक्य किसागोतमीच्या तोंडावर फेकले नाही, ते त्याने फेकले.

गोष्ट मानेला धरली असती तर त्याने काय केले असते? तो तिच्याजवळ बसला असता. शेजारच्या आयाबायांना घेऊन आला असता. ज्यांची लेकरे गेली आहेत त्या बायांनी आपली गोष्ट तिला सांगितली असती. गोष्टीत किसागोतमी घरोघर गेली. आपल्या वस्तीत घरे उठून त्या आईकडे गेली पाहिजेत. जुना विधी काढून टाकल्यावर जी जागा रिकामी होते ती माणसांनी भरायची असते. ती भरली नाही, तर तेथे कावळा परत येतो. मग दोष त्या आईला देऊ नये.

बाणाची गोष्ट : प्रश्न विचारू नयेत काय?

दुसरी गोष्ट चूळमालुंक्य सुत्तातली. मालुंक्यपुत्त नावाचा भिक्खू तथागतांना म्हणाला की, जग शाश्वत आहे की अशाश्वत, त्याला अंत आहे की नाही, जीव आणि शरीर एक की वेगळे, मरणानंतर तथागत असतो की नसतो, याची उत्तरे द्या, नाहीतर मी संघ सोडून जातो. तेव्हा तथागतांनी विषारी बाण लागलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. नातलगांनी शल्यवैद्य आणला. पण जखमी म्हणतो, बाण मारणारा क्षत्रिय की ब्राह्मण, वैश्य की शूद्र, त्याचे नाव-गोत्र काय, तो उंच की ठेंगणा, काळा की गोरा, धनुष्य कसले, दोरी कसली, बाणाला पीस कोणत्या पक्ष्याचे, हे कळल्याखेरीज मी बाण काढू देणार नाही. तो माणूस हे सर्व कळण्याआधीच मरून जाईल, असे तथागत म्हणाले.

ही गोष्ट हाती घेऊन काही लोक आपल्याला उपदेश करतात, "बाण कोणी मारला हे विचारत बसू नका. झाले गेले विसरा. मनाची शांती मिळवा." ऐकायला हे गोड वाटते. पण आपला पहिला प्रश्न लावा. ही गोष्ट कोणत्या प्रश्नाचे उत्तर होती? मालुंक्यपुत्ताने अन्यायाबद्दल काही विचारले नव्हते. त्याने जगाचा अंत आणि मरणानंतरची स्थिती विचारली होती. त्याच सुत्तात तथागत पुढे सांगतात की मी दुःख सांगितले आहे, दुःखाचे कारण सांगितले आहे, दुःखाचा निरोध आणि त्याचा मार्ग सांगितला आहे. म्हणजे दुःखाचे कारण शोधणे येथे वर्ज्य नाही. तेच तर दुसरे आर्यसत्य आहे. आणि जातीचा प्रश्न तथागतांनी कधी टाळला नाही. अस्सलायन सुत्तात आणि वासेट्ठ सुत्तात जन्मावरून श्रेष्ठत्व सांगणाऱ्यांना त्यांनी सविस्तर उत्तर दिले आहे. तेव्हा बाणाच्या गोष्टीचा आधार घेऊन आपल्याला गप्प बसवणाऱ्याला सांगा की, तुम्ही गोष्ट वाचली, पण ती कशाचे उत्तर आहे हे पाहिले नाही.

येथपर्यंत वाचून आपल्याला बरे वाटेल. परंतु गोष्ट दुसऱ्याला लागू करून थांबणे हा अर्धाच अभ्यास होय. ती आपल्याला कोठे लागते तेही पाहिले पाहिजे. जखमी माणसाचा अगदी पहिला हट्ट कोणता आहे? बाण मारणाऱ्याची जात कळली पाहिजे. अंगात विष भिनत असतानाही त्याला जात हवी आहे! आता सांगा, आपल्या मुलीला स्थळ पाहताना, समोरचे घर बौद्ध आहे हे कळल्यावरही, "पण मूळचे कोणते?" असे आपण हळूच विचारतो की नाही? पंगतीला बसताना पोटजात आठवते की नाही? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी तो बाण उपसण्यासाठी आपल्याला हाक दिली. आणि आपण अजून त्या गोष्टीतल्या जखमी माणसासारखे बोलत असू, तर ती गोष्ट दुसऱ्या कोणाची नाही, आपलीच आहे.

जातककथांविषयी थोडे

पाली जातकात ५४७ कथा आहेत. त्यांत माकडे, हरणे, पक्षी बोलतात आणि शेवटी 'त्या वेळचा अमुक म्हणजे मीच' असे येते. हे अक्षरशः खरे मानावे काय, असे नवबौद्ध घरातील तरुण विचारतात. बाबासाहेबांनी आत्मा आणि आत्म्याचे एका देहातून दुसऱ्या देहात जाणे नाकारले आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा या कथा इतिहास म्हणून वाचू नयेत. पण म्हणून त्या टाकूनही देऊ नयेत. माकड बोलत नाही हे सांगणाऱ्यालाही ठाऊक होते आणि ऐकणाऱ्यालाही. माकडाच्या तोंडून माणसाबद्दल काय सांगितले आहे, ते शोधावे.

महाकपि जातक घ्या. राजाचे धनुर्धारी माकडांच्या कळपाला घेरतात. पळण्यासाठी नदीच्या पलीकडच्या तीरापर्यंत बांधलेला वेल अपुरा पडतो, तेव्हा माकडांचा राजा आपल्या शरीराने ती उणीव भरून काढतो. सगळा कळप त्याच्या पाठीवरून पार होतो. ही कथा सांची आणि भारहूतच्या शिल्पांत आहे आणि अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात रंगवलेली आहे. सहलीला अजिंठ्याला गेलात तर मुलांना ती दाखवा. आणि तेथेच विचारा की, या गोष्टीत राजा म्हणजे कोण? जो पाठीवर बसतो तो, की जो पाठ देतो तो?

घरी करावयाचा अभ्यास

येत्या रविवारी वंदनेनंतर एकच गोष्ट घ्या. एकाने ती मोठ्याने वाचावी. वाचून झाल्यावर वडील माणसांनी लगेच तात्पर्य सांगू नये. आधी मुलांना आणि घरातील स्त्रियांना बोलू द्यावे. मग पुढील प्रश्न क्रमाने घ्यावेत.

१. ही गोष्ट कोणाला आणि का सांगितली?

२. गोष्टीच्या आरंभी आणि शेवटी माणसात कोणता फरक दिसतो? तो कशाने पडला?

३. यात कोणता चमत्कार घडेल असे वाटले होते? तो का घडला नाही? घडला असेल, तर तो काढून टाकल्यावर गोष्टीत काय उरते?

४. आपण काढलेला अर्थ बुद्धीला पटतो का? त्याने कोणाचे भले होते? हा अर्थ ऐकवून कोणाला गप्प तर बसवले जात नाही ना?

५. ही गोष्ट आपल्याच घराला कोठे लागते?

हेच प्रश्न आजच्या कथांनाही विचारता येतात. बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली आला. मोठ्या मुलांनी तो वाचावा आणि त्याच्या नावापासूनच आरंभ करावा. चोरी म्हटली की चोर आलाच. मग येथे चोर कोण, आणि ज्याला जात चोरावी लागते त्याचे आधी काय चोरले गेले आहे?

आणि धाकट्या मुलाने मध्येच काही विचारले तर त्याला बसवू नका. पोथी ऐकणाऱ्या घरात मुले गप्प असत. धम्म ऐकणाऱ्या घरात ती विचारतात. तुमच्या घरातली मुले काय विचारतात ते पाहा. घर कितपत बौद्ध झाले, हे त्यावरून तुमचे तुम्हालाच कळेल.

जय भीम! नमो बुद्धाय!